विषाणूच्या हातात किती चिंचोके?

आईच्या ताटात जेवलेली, आईच्या कुशीत झोपलेली निहिरा ठणठणीत होती. आईचे पाय चेपून देणारे, तिला चमच्यानं पेज भरवणारे बाबाही धडधाकट होते. आणि कुंपणापलीकडचे बाबल धुरी, ज्यांनी गेली कित्येक वर्षं निहिराच्या घरच्या, गवसांच्या अंगणात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, ते मात्र आईच्याच आजारानं आडवे झाले होते.

हे असं कसं झालं असेल, ते निहिराला काही केल्या उमगत नव्हतं.

घोटणवाडी हे सह्याद्रीच्या पायथ्याचं, सुपारीच्या बागांमध्ये लपलेलं लहानसं गाव. निहिरा बारा वर्षांची. तिची आई सुगंधा बचत गटात खत चाळायचं काम करायची. डोंगरात एक अर्धवट सोडलेला जुना बोगदा होता. धरणाचं पाणी त्यातून जायचं होतं, ते कधी गेलंच नाही. पाण्याऐवजी तिथे वटवाघळं राहायला आली. त्यांची विष्ठा वर्षानुवर्षं खाली साचली, वाळली आणि तिचं उत्तम खत झालं. शहरांत आता इमारतींच्या गच्च्यांवर भाजीची शेती होत होती, तिथे या खताला मोठी मागणी होती. बचत गटाची शेड भरभराटीला आली होती.

मग आईला ताप आला. खोकला कोरडा, आणि दोन पावलं चाललं तरी धाप लागायची. तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं. पाठोपाठ बाबल धुरी आणि खताचा टेम्पो चालवणारे पेद्रूमामा यांनाही न्यावं लागलं. तिघांच्या आजाराचं नाव डॉक्टरांना सांगता येईना. नेहमीच्या कुठल्याच तापाच्या तपासणीत तो सापडत नव्हता.

वाडीनं मात्र आपलं उत्तर काढून टाकलं. आजार पहिल्यांदा सुगंधाला झाला, म्हणजे तिनंच तो सगळ्यांना दिला. निहिरा आणि बाबांना घरातच राहायला सांगितलं होतं, ते ठीक होतं. पण दूध घालणारा आता रस्त्यावरच पिशवी ठेवून वळून न बघता जायचा. निहिराच्या मैत्रिणीनं शाळेच्या गप्पांच्या गटातून तिचं नाव काढून टाकलं. बाबांनी रस्त्याकडची खिडकी उघडणं बंद केलं होतं.

अशात एका सकाळी फाटकापाशी एक गाडी थांबली. गाडीतून आधी एक यंत्र उतरलं. बारीक लांब दोन पाय, त्यावर भोपळ्याएवढं धड आणि पुढे चोचीसारखी नळी. जांभ्या दगडांवरून ते टिटवीसारखं तुरुतुरु चालत आलं. त्याच्या मागून तोंडाला मास्क बांधलेल्या, केस पांढरे झालेल्या एक बाई उतरल्या.

"मी डॉक्टर रेहाना मुकादम," त्या अंगणाच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या. "मी विषाणूंचा अभ्यास करते. हिला आम्ही टिटवीच म्हणतो. सांगितलेलं तिला समजतं, बोलताही येतं. जिथे माणसानं जवळ जाणं बरं नाही, तिथे ही जाते. बाळा, तुझ्या नाकातला एक नमुना घेऊ दे तिला. गुदगुल्या होतील, दुखणार नाही."

टिटवीनं नमुने घेतले. मग डॉक्टरीणबाई निघून न जाता फणसाखाली स्टूल टाकून बसल्या. आजारी माणसाच्या घरी येऊन कुणी निवांत बसलं, हे बऱ्याच दिवसांनी घडत होतं. निहिरा ओट्यावर बसली आणि तिच्या मनात घोळत असलेला प्रश्न तिनं विचारून टाकला.

"मॅडम, आजार आईकडून पसरला असेल तर पहिल्यांदा मला आणि बाबांना व्हायला हवा होता ना? बाबलकाका तर आमच्याशी बोलतसुद्धा नाहीत. कुंपणावरून भांडण झालंय, मी लहान होते तेव्हापासून."

रेहानाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "हाच प्रश्न घेऊन मी इथवर आले आहे. तुला काय वाटतं?"

निहिरानं विचार केला. "आईनं दिला नसेल, तर तिघांना तो एकाच ठिकाणाहून मिळाला असेल. पण तिघं एका ठिकाणी कधी जातच नाहीत. आई शेडमध्ये. पेद्रूमामा रस्त्यावर. बाबलकाका बागेत."

"तिघं कुठे जातात ते राहू दे. असं काही आहे का, जे तिघांकडे येतं?"

निहिराची नजर आपोआप कुंपणापलीकडे गेली. धुऱ्यांच्या बागेत सुपारीच्या एकेका झाडाच्या बुंध्याशी काळपट भुकटीचं आळं होतं. भांडण असलं तरी खत गटाचंच. बाबलकाका माणूस पाठवून विकत आणायचे आणि स्वतःच्या हातानं उधळायचे. आई तेच चाळायची. पेद्रूमामांच्या टेम्पोत तेच सुटं भरलेलं असायचं.

"खत," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत टिटवी शेडमधल्या धुळीचे नमुने घेऊन आली. गाडीत एक यंत्र होतं, विषाणूची जनुकं (सजीव कसा घडवायचा याच्या सूचना ज्यात असतात ती रासायनिक अक्षरं) वाचणारं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिन्ही रोग्यांमध्ये आणि खताच्या धुळीत एकच विषाणू होता. तो करोना विषाणूंच्या कुळातला होता, पण आजवर कुणीही न पाहिलेला.

करोना हा शब्द ऐकताच बाबांचा चेहरा उतरला. ते स्वतः शाळेत असताना ती मोठी साथ आली होती. तेव्हा सगळी शाळा फोनवर भरायची, आणि त्यांचे एक काका रुग्णालयातून परत आलेच नव्हते.

"पुन्हा तसंच होणार का?" त्यांनी विचारलं.

"त्याच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे, प्रकाशराव," रेहानाबाई म्हणाल्या. "नवा विषाणू सापडला म्हणजे महासाथ (जगभर पसरणारी साथ) येणारच असं नसतं. त्यासाठी त्याला बरीच दारं ओलांडावी लागतात."

मग निहिराकडे वळून त्या समजावून सांगू लागल्या. "विषाणू एकटा काहीच करू शकत नाही. ना तो खातो, ना वाढतो. त्याला दुसऱ्याच्या पेशीत शिरावं लागतं आणि तिच्याकडून स्वतःच्या नकला करून घ्याव्या लागतात. आपल्या पेशींवर ग्राही (पेशीच्या दाराचं कुलूपच म्हण) असतात. करोना विषाणूच्या अंगावर काटे असतात, त्या त्याच्या किल्ल्या. या विषाणूची किल्ली वटवाघळाच्या कुलपासाठी घडलेली आहे. वटवाघळाला त्याचा फारसा त्रासही होत नाही, दोघं फार जुने शेजारी आहेत. माणसाच्या कुलपात ती किल्ली कशीबशी फिरते, दहादा अडकते."

"मग आईच्या शरीरात तो कसा शिरला?"

"तुझी आई रोज कोरडं खत चाळत होती. धूळ उडायची, ती श्वासाबरोबर खोल फुप्फुसात जायची. लाखो विषाणूंनी लाखो वेळा किल्ली फिरवली. कुठे ना कुठे दार उघडलं. हे पहिलं दार. आत गेल्यावर शरीराच्या पहारेकऱ्यांना चुकवून नकला काढायच्या, हे दुसरं. तिसरं दार सगळ्यांत महत्त्वाचं. रोग्याच्या शरीरातून बाहेर पडून दुसऱ्या माणसात शिरायचं. हा विषाणू फुप्फुसात खोल बसलाय, नाकात आणि घशात नाही. त्यामुळे नुसत्या बोलण्यातून तो फारसा बाहेर पडत नाही. म्हणून तू वाचलीस."

निहिरानं हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या आईनं कुणाला आजार दिला नाही?"

"बाबल धुऱ्यांना नाही, पेद्रू फर्नांडिसांनाही नाही. ते मी पंचायतीच्या भोंग्यावरून सगळ्या वाडीला सांगणार आहे."

आणि खरंच त्यांनी सांगितलं. खताची शेड बंद झाली, जिथे जिथे खत पडलं होतं तिथे पाणी शिंपडून धूळ बसवली गेली. दुपारी दूधवाला फाटकाशी थांबला. मान खाली घालूनच त्यानं आईची चौकशी केली, "आवशीक बरा आसा मां?" निहिरानं आत जाऊन तोंड धुतलं, कारण तिला रडू आलेलं त्याला दिसायला नको होतं.

बाबांना आता बाजारात जायचं होतं. सुपारी सुकून पडली होती. पण रेहानाबाईंनी मान हलवली. "अजून थोडे दिवस घरातच राहा. विषाणू शरीरात शिरल्यावर ताप यायला वेळ लागतो. मला खात्री झाली की मीच तुम्हाला फाटक उघडून देईन." बाबांना ते पटलं नाही, तरी ते थांबले.

गावात दुसरीच चर्चा सुरू झाली होती. बोगद्यात धूर करायचा, वटवाघळं मारून टाकायची. निहिराला ते अगदी योग्य वाटत होतं. आई नळ्या लावून पडली होती, रोज फोनच्या पडद्यावर दोन शब्द बोलून दमत होती, आणि ती काळी जनावरं बोगद्यात आरामात लोंबकळत होती.

"मारून टाकू दे ना त्यांना," ती म्हणाली.

"राग येणारच, बाळा," रेहानाबाई म्हणाल्या. "पण ती आपल्या घरी आली नव्हती, आपण त्यांच्या घरी गेलो. आणि धुरानं सगळी मरत नाहीत. उरलेली घाबरून वाट फुटेल तिकडे जातात, लोकांच्या माळ्यांवर, गोठ्यांत. घाबरलेल्या, उपाशी जनावराच्या अंगात विषाणू जास्त वाढतो."

निहिरा उठून घरात गेली. तिला ते पटलं नव्हतं.

दोन दिवसांनी बाबांना ताप भरला.

टिटवीनं नमुना घेतला आणि रेहानाबाई गाडीत जाऊन यंत्रासमोर बसल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांवरूनच निहिराला कळलं. बाबा खताच्या शेडमध्ये कधी गेले नव्हते. त्यांनी खताला हातही लावला नव्हता. त्यांनी फक्त आईची सेवा केली होती. बंद खोलीत तिला वाफ दिली होती, तिच्या थुंकीचं भांडं साफ केलं होतं.

रुग्णवाहिका बाबांना घेऊन गेली. जाताना ते म्हणाले, "बाय, घाबरू नको. मी तुझ्या आईच्या सोबतीला चाललोय असं समज."

निहिरा ओट्यावर बसून राहिली. मग ती रेहानाबाईंकडे वळली. "म्हणजे आईनंच दिला. तुम्ही म्हणालात ते खोटं होतं."

रेहानाबाईंनी स्टूल थोडं पुढे ओढलं, अंतर राखून. "मी चुकीचं बोलले असते तर कबूल केलं असतं. बाबल आणि पेद्रू यांना तिनं दिला नाही, हे खरंच आहे. बाबांच्या अंगात तो तिच्याकडून गेला, हेही खरं आहे. पण निहिरा, 'दिला' हा शब्द चुकीचा आहे. आपण देतो ती वस्तू आपल्याला माहीत असते. तुझी आई श्वास घेत होती. तुझे बाबा तिची काळजी घेत होते. विषाणूनं त्यातून वाट काढली. यात अपराधी कुणीच नाही."

निहिरा रडली. रेहानाबाई तिच्याजवळ जाऊ शकत नव्हत्या. त्या तिथेच बसून राहिल्या, आणि त्या दिवशी त्यांनी गाडीतला तंबू काढून अंगणातच ठोकला, म्हणजे पोरीला एकटं वाटू नये.

सकाळी कुंपणावर एक डबा ठेवलेला दिसला. आत गरम घावन आणि चटणी होती. कुंपणापलीकडे शेवंतीकाकू उभ्या होत्या, बाबलकाकांची बायको. काही न बोलता त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं आणि त्या आत गेल्या. त्यांचा स्वतःचा माणूस रुग्णालयात होता. तरी रोज तो डबा येत राहिला.

"आता काय होणार?" निहिरानं विचारलं. "तिसरं दार उघडलं ना?"

"किलकिलं झालंय. किती उघडलंय ते बघायला हवं. तुमच्या घरात चिंचोके आहेत?"

चिंचोके होते, डबाभर. रेहानाबाईंच्या सांगण्यावरून निहिरानं ते दगडावर घासून, फोडून अर्धे केले. अर्ध्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, दुसरी काळी. खेळात फाशांसारखे टाकतात तेच.

"एक रोगी आहे असं समज," रेहानाबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी एक अर्धा चिंचोका टाक. पांढरा पडला तर त्याच्यापासून एकाला लागण झाली. काळा पडला तर कुणालाच नाही."

निहिरानं टाकला. पांढरा. नव्या रोग्यासाठी पुन्हा टाकला. काळा. खेळ संपला. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा दोन-चार टाकण्यांतच खेळ संपला. कितीही वेळा खेळली, तरी साखळी लांबतच नव्हती.

"आता एकेका रोग्यासाठी तीन तीन टाक. जितके पांढरे, तितके नवे रोगी. आणि त्या प्रत्येकासाठी पुन्हा तीन."

पहिल्यांदा साखळी लगेच तुटली. तिन्ही काळे पडले होते. दुसऱ्यांदा मात्र एकाचे दोन झाले, दोनाचे तीन, तिनांचे पाच, पाचांचे आठ. ओटा चिंचोक्यांनी भरत गेला आणि शेवटी डबाच रिकामा झाला. निहिरा हात आखडून बसली. तिला बाबांच्या त्या परत न आलेल्या काकांची आठवण आली. तिनं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

"याला प्रसारांक म्हणतात," रेहानाबाई म्हणाल्या. "एक रोगी सरासरी किती जणांना आजार लावतो तो आकडा. तो एकाच्या खाली असला की साथ आपोआप विझते. एकाच्या वर गेला की वाढत जाते. विषाणूची महासाथ होण्याची ताकद म्हणजे त्याच्या हातात किती चिंचोके आहेत, एवढंच. ताप यायच्या आधीच तो पसरू लागला, तर त्याला आणखी चिंचोके मिळतात, कारण माणूस आजारी आहे हे त्यालाही माहीत नसतं आणि तो गावभर फिरतो. आणि विषाणू नवा असेल तर कुणाच्याच शरीराला त्याची ओळख नसते."

"आपल्या विषाणूच्या हातात किती आहेत?"

"एकच दिसतोय, तोही छोटासा. तुझ्या आईजवळ तुम्ही दोघं होतात, लागण एकालाच झाली, तीही इतकं जवळ राहून. पण एक गोष्ट आहे. विषाणू नकला काढताना चुका करतो. त्याच्या जनुकांत तीस हजारांच्या आसपास अक्षरं असतात. एखादं अक्षर चुकतं, त्याला उत्परिवर्तन (नक्कल करताना झालेला बदल) म्हणतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी विषाणूचंच नुकसान होतं. पण एखादीच चूक अशी, की किल्ली माणसाच्या कुलपात छान फिरू लागते. म्हणजे विषाणूला एक चिंचोका जास्त मिळाला."

निहिरानं हातातला चिंचोका खाली ठेवला. "बाबांच्या विषाणूत चूक झाली आहे?"

"एक अक्षर बदललंय. मी काल ते वाचलं आणि मला भीती वाटली, तुला खरं सांगते. पण ते अक्षर किल्लीवरचं नाही. या वेळी नाही."

"मग पुढच्या वेळी?"

"म्हणूनच पुढची वेळ येऊ द्यायची नाही. विषाणूच्या हातातले चिंचोके तो एकटाच ठरवत नाही, काही आपण काढून घेऊ शकतो. मास्क बांधला, एक काढून घेतला. खिडकी उघडली, अजून एक. तुझ्या बाबांनी त्या दिवशी माझं ऐकून फाटक ओलांडलं नाही, तेव्हा त्यांनी सगळेच काढून घेतले. ते बाजारात गेले असते तर आज मी अख्ख्या बाजाराला शोधत फिरले असते."

त्यानंतरच्या आठवड्यात बाबल धुरी रुग्णालयात वारले.

त्यांच्या घरातून रडण्याचा मोठा आवाज आला नाही. निहिराला तेच सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही कुंपणावर डबा आला. त्यात पेज होती, कालच्याइतकीच गरम. निहिरानं तो घेतला आणि किती तरी वेळ हातात धरून उभी राहिली. कुंपणापलीकडे जाऊन काकूंच्या शेजारी बसावं असं तिला वाटत होतं, आणि ते तिला करता येत नव्हतं.

पुढच्या दुपारी रेहानाबाई रुग्णालयात गेल्या होत्या. रस्त्यावर माणसांची चाहूल लागली म्हणून निहिरानं खिडकीतून पाहिलं. वाडीतली माणसं पेंढ्याचे भारे घेऊन डोंगराकडे चालली होती. कुणाच्या हातात मिरच्यांची पिशवी होती, धुराचा ठसका वाढावा म्हणून. सगळ्यांच्या पुढे शेवंतीकाकू होत्या.

निहिरानं रेहानाबाईंना फोन लावला. लागला नाही. घाटात रेंज मिळत नसावी. ती फाटकापर्यंत धावत गेली आणि थांबली. तिला बाहेर जायची मोकळीक नव्हती. उद्या तिलाच ताप आला तर?

टिटवी फणसाखाली उभी होती.

"टिटवी, मला जाता येत नाही, तुला येतं. माझा आवाज त्यांच्यापर्यंत नेशील?"

"नेईन," टिटवी म्हणाली आणि निघाली.

टिटवीच्या डोळ्यातून निहिराला घरातल्या पडद्यावर सगळं दिसत होतं. चढण, करवंदीच्या जाळ्या, मग बोगद्याचं काळं तोंड. माणसं पेंढा रचत होती.

"काकू," टिटवीतून निहिराचा आवाज आला. "मी निहिरा. थोडं थांबाल का?"

सगळे वळले. एक जण म्हणाला, "आता यंत्र आम्हाला शिकवणार." पण शेवंतीकाकू पुढे आल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. एरवी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलणाऱ्या काकूंच्या तोंडी आता घरची बोली आली. "माझो माणूस गेलो गो बाय. ह्यांका मी सोडूचंय नाय. तू ह्यात पडू नको."

निहिरानं पडद्यावर काकूंचे ते कोरडे डोळे पाहिले. समजावून सांगायचं ते सगळं डोक्यातून गेलं.

"मलापण त्यांचा राग आहे," ती शेवटी म्हणाली. "आई आजारी पडली तेव्हा मीच म्हणत होते, मारून टाका. अजूनही रोज राग येतो. पण काकू, धूर केला की ती बोगदा सोडून उडतील."

"उडू दे. खय जातली?"

"आपल्या माळ्यांवर. गोठ्यांत. तुमच्या बागेतल्या खोपीत. आत्ता विषाणू या बोगद्यात आहे, खत बंद झालंय, त्याला माणसं भेटतच नाहीत. वटवाघळं बोगदा सोडून आली की त्याला पुन्हा माणसं भेटतील. मग आणखी कुणाची तरी आई, आणखी कुणाचे तरी..." तिनं ते वाक्य तिथेच सोडलं. "तो आत्ता नीट पसरू शकत नाही. प्रत्येक नवीन माणसात तो थोडा शिकतो. त्याला शिकायला द्यायचं नाही, असं मॅडम म्हणतात. काकू, मला अजून ताप आलेला नाही. तुम्ही रोज डबा ठेवता तोही कुंपणावर, लांबून. तसंच याच्यापासून लांब राहायचं. एवढंच."

बोगद्याच्या आतून पंखांची बारीक फडफड येत होती. शेवंतीकाकू एका दगडावर बसल्या. हातातली काडेपेटी त्यांनी पदराखाली ठेवली आणि मग, माणूस गेल्यापासून पहिल्यांदाच, त्या मोठ्यानं रडल्या. टिटवी जवळ गेली, लांब पाय दुमडून त्यांच्या शेजारी खाली बसली. निहिरा घरात पडद्यासमोर बसून होती, तीही रडत होती, आणि काकूंना ते ऐकू येत होतं.

माणसांनी पेंढा तिथेच टाकला आणि काकूंना सांभाळून खाली आणलं.

त्यानंतर वाडीनं बोगद्याच्या तोंडापासून बऱ्याच अंतरावर कुंपण घातलं. बचत गटाला रेहानाबाईंनी शहरातल्या एका संस्थेशी जोडून दिलं, ती गांडूळखत करायला शिकवू लागली. निहिराचा ताप टिटवी रोज मोजत राहिली, तो आलाच नाही. बाबांकडून दुसऱ्या कुणालाही लागण झाली नाही. पेद्रूमामा घरी आले, पण चढ चढताना अजून थांबत थांबत जातात. बाबा परतले. आणि एके दिवशी आईही आली, इतकी हडकलेली की निहिरानं तिला मिठी मारताना हात सैल ठेवले. आल्याबरोबर आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ती आधी कुंपणाला वळसा घालून धुऱ्यांच्या घरी गेली. तिथे दोघी काय बोलल्या ते निहिराला कळलं नाही. बऱ्याच वेळानं आई परत आली, आणि कुंपणाचं भांडण त्या घरांत पुन्हा निघालं नाही.

रेहानाबाईंनी जायच्या आदल्या दिवशी निहिराला आणि आईला गाडीतून बोगद्याच्या कुंपणापर्यंत नेलं. टिटवी एकटी आत गेली. तिच्या डोळ्याला असा प्रकाश होता, जो वटवाघळांना दिसत नाही. निहिरा आणि आई बाहेर बसून हातातल्या पडद्यावर पाहत होत्या.

"ती आत कशाला जाते?" आईनं विचारलं.

"आत काय चाललंय त्यावर लक्ष ठेवायला. आता दर ऋतूत येईल," रेहानाबाई म्हणाल्या. "आपण या विषाणूची अक्षरं वाचली, ती त्याच दिवशी जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांना पाठवली. लशीचा साचा तयार आहे, त्यात फक्त ही नवी किल्ली बसवायची. मागच्या साथीच्या वेळी जग पहिल्या रोग्यानंतर धावत सुटलं होतं. या वेळी आपण त्याच्या पुढे एक पाऊल आहोत. असे अनोळखी विषाणू पुष्कळ बोगद्यांत, पुष्कळ रानांत आहेत. बहुतेकांच्या हातात एकही चिंचोका नाही. ज्यांच्या हातात आहे, ते आधी ओळखायला खूप माणसं लागतील."

"मी येईन," निहिरा म्हणाली.

पडद्यावर छत दिसू लागलं. घोड्याच्या नालेसारखं नाक असलेली, मुठीत मावतील एवढी वटवाघळं ओळीनं लोंबत होती. निहिरानं ती इतक्या जवळून कधीच पाहिली नव्हती. तिला वाटलं होतं त्याहून ती फारच लहान होती. टिटवीचा डोळा एकीवर थांबला. तिच्या पोटाला काहीतरी गुलाबीसर चिकटलेलं होतं. ते हललं. मादीनं झोपेतच पंख थोडा उघडला आणि पुन्हा त्याच्यावरून मिटून घेतला.

आईला अजून बारीक पडद्याकडे बघून भोवळ यायची. तिनं डोळे मिटले होते. "काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"पिल्लू आहे, आई," निहिरा हळू आवाजात म्हणाली. "कुशीत झोपलंय."